पाच नंबरची जागा

वागळे इस्टेटमधला आमचा कारखाना म्हणजे एक लांबट शेड होती. पुढे साहेबांची काचेची केबिन, मध्ये सोल्डरिंगची, म्हणजे कथील वितळवून सुटे भाग जोडायची लाइन, मागे असेंब्ली आणि अगदी कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी, माझं टेबल. त्या टेबलाला साहेब 'कॉम्प्युटर सेक्शन' म्हणायचे. सेक्शनमध्ये दोन कॉम्प्युटर होते आणि मी होते. पण वर पाटी लावलेली होती, आणि ती पाटी मी रोज आल्या आल्या ओढणीने पुसायचे. कुणाला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं.

मी डोंबिवलीची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून नोकरीला लागले ती थेट लाइनीवर. लाइन म्हणजे एक लांब टेबल, त्याला लागून स्टुलं, आणि प्रत्येक स्टुलावर हातात सोल्डरिंग गन घेतलेली एक बाई. पहिल्या स्टुलावर मावशी बसायच्या. त्या ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. घरची होडी होती, पण खाडीत मासळी मिळेनाशी झाली तेव्हा त्या कारखान्यात आल्या आणि आमच्या सगळ्यांच्या मावशी झाल्या. डिप्लोमात मला सोल्डरिंगचा जो धडा होता तो मावशींनी पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यातून काढून टाकला. "पुस्तक घरी ठेव गो," त्या म्हणाल्या, "हात हलका कर. जॉइंट चमकला पायजे." माझे जॉइंट चमकायला लागले तेव्हा त्यांनी कौतुक वगैरे काही केलं नाही, फक्त माझं स्टूल स्वतःच्या शेजारी ओढून घेतलं.

माझं कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीत बसवायची सर्किटची पट्टी, तिथेच तयार झालं. स्प्रिंग दाबून तिची ताकद मोजणारी यंत्रं आम्ही करायचो. मोजलेला आकडा यंत्रावरच्या काट्यावरून बघून कागदावर लिहायचा, अशी पद्धत होती. तो आकडा सरळ कॉम्प्युटरमध्ये गेला तर किती बरं, असं मला वाटायचं, आणि मला एकदा काही वाटलं की मग मी कुणाचं ऐकत नाही. मी कार्डाचं डिझाइन केलं आणि काम संपल्यावर थोडं थांबून ते हाताने जोडलं. मधले बारीक जॉइंट मावशींनी मारले, कारण तिथे माझा हात थरथरायचा. कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं, स्प्रिंग दाबली आणि पडद्यावर आकडा आला. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुन्हा आकडा बघितला. पुढच्याच आठवड्यात मला कोपऱ्यातलं टेबल मिळालं.

नंतर बाजारात तयार कार्डं आली, स्वस्त आणि सुबक. माझं तपकिरी कार्ड मागे पडलं. मावशींनी ते आपल्या स्टुलाच्या वर भिंतीत खिळा ठोकून टांगून ठेवलं. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, माझं लक्ष नव्या कार्डांकडे होतं.

नव्या कार्डांची गंमतच तशी होती. जुनी कार्डं मुकी. प्रत्येक कार्डाला कॉम्प्युटरमध्ये स्वतःचा पत्ता लागतो आणि काम असलं की वाजवायला एक घंटा लागते. त्या घंटेला नंबर असतो. जुन्या कार्डांवर बारीक पिना असायच्या. त्यावर जम्पर, म्हणजे तांदळाएवढी टोपी, इकडची तिकडे सरकवून पत्ता आणि नंबर हाताने ठरवायचे. मला हे नंबर सगळे पाठ होते आणि त्याचा मला भारी दिमाख होता. नवी कार्डं मात्र बोलकी. कॉम्प्युटर सुरू होताना 'कोण कोण आहे रे?' असं विचारलं की ती आपलं नाव सांगायची, आणि मग कॉम्प्युटरच त्यांना रिकामी जागा बघून पत्ता आणि नंबर द्यायचा.

पण विचारणारा कुणीतरी हवा ना! ते काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नेलचं. आमच्याकडे युनिक्सच्या घराण्यातली, फुकट मिळणारी एक सिस्टिम होती. तिची सीडी मी डोंबिवली स्टेशनबाहेर एका मासिकाबरोबर मिळवली होती. तिच्या कर्नेलला कुठली कार्डं ओळखायची हे आपण एका साध्या फाइलीत ओळीने लिहायचं आणि मग पूर्ण कर्नेल नव्याने बांधायचा. मुक्या कार्डाची ओळ सरळ असायची: हे कार्ड, या पत्त्यावर, या नंबरवर. बोलक्या कार्डाच्या ओळीत पत्त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. कुठेही सापडो, किती का सापडोत, तुझं तू बघ.

ते प्रश्नचिन्ह लिहिताना माझा जीव वर-खाली झाला होता. सगळी जन्माची विद्या जम्परची, आणि आता म्हणायचं काय, तर 'तुझं तू बघ'! पण लिहिलं. कर्नेल बांधायला लावला, त्या मठ्ठ मशीनवर तो सकाळी लावला की डबा खायच्या वेळेला तयार व्हायचा. सुरू केल्यावर पडद्यावर ओळी सरकल्या आणि त्यात नव्या कार्डाचं नाव आलं, पाच नंबरची घंटा दिल्याचं आलं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. पिंपावर पाणी प्यायला आलेला असेंब्लीतला माणूस दचकला.

हे सगळं पुण्याच्या एका गिऱ्हाइकासाठी चाललं होतं. मोठं यंत्र, त्याला जोडलेला कॉम्प्युटर, त्यात माझी सिस्टिम. साहेबांनी ऑर्डर घेताना मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"हे बघा, फुकटच्या सिस्टिमवर माझा विश्वास नाही," ते म्हणाले. साहेब नौपाड्यातले, बोलणं अगदी पुण्याच्या वळणाचं. "पण तुम्ही इतकं म्हणताय, तर हे एक यंत्र करून बघू. त्यांच्या इंजिनियरने पास केलं तर उत्तमच. नाही केलं, तर बाहेरून तयार सॉफ्टवेअर घेऊ, सेक्शन बंद करू आणि तुम्ही पूर्वीसारख्या लाइनीवर बसा. पगार तोच राहील."

पगार तोच राहील, हे त्यांनी माझ्या भल्यासाठी सांगितलं. मला ते चपराक मारल्यासारखं लागलं. लाइनीवर परत जायचं म्हणजे पाटी उतरणार, आणि सगळ्यांच्या देखत मी स्टूल ओढून बसणार. मी मनात म्हटलं, बघतेच.

पुण्याचा इंजिनियर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. खंडेनवमीला सकाळी मी यंत्र शेवटचं चालवून बघितलं. स्प्रिंगमागून स्प्रिंग दाबली, आकडे अचूक. मग कॉम्प्युटर बंद केला, कारण दुपारी पूजा होती.

आमच्याकडे खंडेनवमी म्हणजे काय विचारू नका. सकाळपासून झाडलोट, तेलपाणी. यंत्रांना झेंडूच्या माळा, दाराला आंब्याचे टहाळे. लाइनीच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून यायच्या. ड्रिल, लेथ, सोल्डरिंग गन, अगदी मल्टिमीटरलासुद्धा हळदकुंकू. एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत कुणी यंत्राला हात लावायचा नाही. त्या दिवशी पूजा सुरू व्हायच्या आधीच मी निघाले, कारण टेंभी नाक्याला देवीची गर्दी आणि बस लांबून वळसा घालून जायची. माझ्या मागे पूजेत काय झालं ते मला माहीत नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी फुलं उतरवली, यंत्रावरून नारळ उचलला, आणि मी ऐटीत कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर नेहमीच्या ओळी सरकल्या. कार्ड सापडलं, पाच नंबर दिला. सगळं जिथल्या तिथे. स्प्रिंग दाबली आणि आकडा आला शून्य. परत दाबली, तर भलताच काहीतरी. तिसऱ्या वेळी पडदाच गोठला.

साहेब मागे उभे होते.

"परवा सकाळी चालत होतं," मी म्हटलं.

"हो, पण पाहुणे आज येणार आहेत," ते म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

मी फाइल उघडून ओळ न् ओळ तपासली. एक अक्षर बदललं नव्हतं. वायरी हलवल्या, स्प्रिंग बदलली, आकडे वाचणारा माझा प्रोग्राम पुन्हा पुन्हा बघितला. मग डोक्यात आलं की सॉफ्टवेअर तेच आहे, तर पेटीच बदललेली असणार. मी स्क्रू काढले आणि कॅबिनेटचं झाकण उघडलं.

आत, नव्या हिरव्या कार्डाच्या शेजारच्या स्लॉटमध्ये, माझं जुनं तपकिरी कार्ड बसवलेलं होतं. त्याच्या कडेला हळदकुंकवाचं बोट लावलेलं, वर झेंडूची एक पाकळी.

मग सगळं लख्ख दिसलं. त्या मुक्या कार्डावर जम्पर लावून मी स्वतःच पाच नंबर ठरवला होता. आणि नवा कर्नेल बांधताना मुक्या कार्डांच्या सगळ्या ओळी मी फाइलीतून काढून टाकल्या होत्या. पेटीत नाहीत ती नावं हवीत कशाला, म्हणून. कर्नेलने विचारलं, कोण कोण आहे? नव्याने नाव सांगितलं. जुनं गप्प. पंगतीत कोपऱ्यातल्या पाटावर म्हातारं माणूस न बोलता बसलेलं असावं, आणि यजमानाने पाट रिकामा समजून तिथेच दुसऱ्याला बसवावं, तसं झालं होतं. दोघं मिळून पाच नंबरची घंटा वाजवत होती.

मी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन तशीच लाइनीवर गेले. माझा आवाज तेव्हाही मोठाच होता.

"पेटीत कार्ड कुणी घातलं?"

सगळ्या गना थांबल्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मावशींच्या डोक्यावरचा खिळा रिकामा होता.

"मी घातलं," मावशी म्हणाल्या. "बंद होतं तवा घातलं. तुजं बगून बगून शिकलंय मी, नीट बसवलंय."

"पण कशाला?"

"कशाला काय गो? सगल्या मशिनींना हलदकुंकू लागलं, आनि तुज्या कार्डाला नको? बाजारातल्या कार्डाची पूजा करायची, आनि आपल्या लाइनीवर झालं त्याची नाय? आमी सगल्यांनी ठरवलं. त्याला पेटीत मानानं बसवलं आनि मंग पूजा केली." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "का गो, काय बिगडलं काय?"

ज्या लाइनीवर परत बसायला लागेल म्हणून मी महिनोन्महिने घाबरत होते, त्या लाइनीने माझं कार्ड देवासारखं नेऊन बसवलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. "बिघडलं नाही," मी म्हटलं, "करते मी."

साहेब मागोमाग आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "अहो, मग ते कार्ड काढा की बाहेर. मिनिटाचं काम."

खरं होतं. काढलं असतं तर यंत्र तिथल्या तिथे सुरू झालं असतं. मी पेटीकडे परत आले, कार्डाला हात घातला, आणि थांबले.

"साहेब, पुण्याच्या लोकांनी एक स्लॉट रिकामा कशासाठी मागितलाय?"

"त्यांचं मोजणीचं जुनं कार्ड ते नंतर त्यात बसवणार आहेत."

"जुनं म्हणजे मुकंच असणार. आज मी हे काढून यंत्र पास करून घेतलं, तर तिकडे त्यांनी त्यांचं कार्ड घातल्यावर हेच होणार. आणि तेव्हा मी तिथे नसेन." मी श्वास घेतला. "चूक मावशींची नाही. कर्नेलला मुक्या माणसांची जागा राखायला मी सांगितलंच नव्हतं. ते सांगते. जुना कर्नेल बाजूला ठेवलेला आहे. नवा वेळेत झाला नाही तर हे कार्ड काढून जुन्यावर चालवू."

साहेबांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं. "करा," म्हणाले, "पण मला उगाच नवस बोलायला लावू नका."

नुसती ओळ लिहून भागणार नव्हतं. माझं कार्ड जगात एकच. त्याला ओळखणारा प्रोग्रामचा तुकडा कुठल्या सीडीवर असणार? तो मलाच लिहायचा होता. पण कार्डही मीच केलेलं. बनवताना मी त्यात एक सोय ठेवली होती: त्याच्या पत्त्यावर जाऊन वाचलं की ते एक ठरलेला आकडा परत द्यायचं. नाव सांगता येत नसलं तरी मान हलवण्यापुरती ती खूण होती. मी तुकडा लिहिला: पत्त्यावर जा, मान हलते का बघ, हलली तर पाच नंबर त्याच्या नावे राखून ठेव, बाकीच्यांना नंतर बसव. अशा तुकड्याला इंग्रजी अक्षरांत एक छोटं नाव द्यावं लागतं, आणि त्याच्या पुढे शून्य, एक असा क्रमांक लागतो. मला घाई होती. मनात आलं ते नाव मी टाइप केलं, फाइलीत मुक्या कार्डाची ओळ घातली, पत्ता आणि नंबर स्पष्ट लिहून, खालची प्रश्नचिन्हाची ओळ तशीच ठेवली आणि कर्नेल बांधायला लावला.

मग वाट बघणं. पडद्यावर फाइलींची नावं सरकत होती. वीज जाऊ नये म्हणून मी सगळ्या देवांना एकदम हाताशी धरलं. मावशी दोनदा पिंपावर येऊन पाणी प्यायल्या. त्यांना तहान लागली नव्हती हे मला कळत होतं. कर्नेल तयार झाला तेव्हा इंजिनियर आला होता आणि केबिनमध्ये चहा पीत होता. चालवून बघायला वेळच राहिला नाही. नव्या कर्नेलची पहिली सुरुवात झाली ती त्याच्यासमोरच.

तो तिशीतला, कमी बोलणारा, आणि पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचणारा निघाला. अशी माणसं मला आवडतात, पण त्या दिवशी नको होती. ओळी सरकल्या. जुनं कार्ड सापडलं, पाच नंबर. त्याखाली नवं कार्ड सापडलं, आणि त्याला मिळाला दहा. दोघांना आपापली जागा मिळाली. मी स्प्रिंग दाबली. आकडा आला. दुसरी, तिसरी, त्याने आपल्या बॅगेतून काढलेली चौथी. सगळे आकडे त्याच्या कागदावरच्या आकड्यांशी जुळले.

"आमचं जुनं कार्ड बसवल्यावर काय करायचं?" त्याने विचारलं.

"पत्ता आणि नंबर सांगा, एक ओळ वाढवून देते. हे वर आहे ना, अगदी तसंच."

तो वाकून पडद्याकडे बघायला लागला. "हे वर... 'मावशी शून्य'? हे काय आहे?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आमच्याकडे आहेत. बोलावते."

मावशी पदराला हात पुसत आल्या, काहीतरी चुकलं असणार अशा चेहऱ्याने. मी त्यांना पडद्याजवळ नेलं आणि काचेवर बोट ठेवलं.

"हे काय लिवलंय?"

"मावशी. तुमचं नाव आहे. कॉम्प्युटर सुरू झाला की आधी तुम्ही आहात का बघतो, तुमची जागा राखतो, आणि मग बाकीच्यांना बसवतो."

मावशींनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. मग त्यांनी पुण्याच्या पाहुण्याकडे वळून, ताठ मानेने सांगितलं, "तिचं कार्ड हाय ते. मधले जॉइंट माजे हायत."

त्याने हात जोडून नमस्कार केला आणि यंत्र पास केलं.

यंत्र पाठवायच्या दिवशी साहेबांनी विचारलं की आता तरी ते कार्ड काढून परत खिळ्यावर टांगायचं का. मी मावशींना विचारलं. "नको," त्या म्हणाल्या, "पेटीतून मानाचं मानूस उठवू नये. जाऊ दे त्याला पुन्याला." ते गेलं, त्याच्या नावाच्या ओळीसकट; पुण्याच्या कार्डासाठी पेटीत आणखी एक स्लॉट रिकामा होताच. पाटी राहिली, टेबल राहिलं, आणि साहेबांनी शेजारी तिसरा कॉम्प्युटर आणून ठेवला.

पुढच्या वर्षी नवरात्र जवळ आलं तेव्हा लाइनीवरून मला बोलावणं आलं. भिंतीवरचा खिळा रिकामा होता, आणि पूजेला घरचं कार्ड नाही म्हणून बायकांची कुरकुर चालली होती. मावशींनी आपल्या शेजारचं स्टूल ओढून रिकामं केलं.

मी पाटी तशीच ठेवून लाइनीवर जाऊन बसले, सगळ्यांच्या देखत, आणि दुसरं कार्ड करायला घेतलं. मधले जॉइंट मावशींनी मारले.